कोण ओढतंय, कोण नुसतं चाकाला चिकटलंय: सायकलची जागतिक अजिंक्यपद शर्यत कशी वाचायची

मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला लहानपणी मी खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी उभा राहायचो. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे, आणि आम्हा पोरांची खात्री असायची की शर्यतही तोच मारणार. संध्याकाळी निकाल कळायचा तेव्हा बरेचदा नाव दुसरंच निघायचं. घाटमाथ्यावर पहिलं असणं आणि शेवटच्या रेषेवर पहिलं असणं, या दोन गोष्टींच्या मधे काय घडतं हे मला फार उशिरा उमगलं. ते शिकवलं जागतिक अजिंक्यपदाच्या रस्ता शर्यतींनी.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचा घोळका आपल्याच रस्त्यांवरून जाताना कित्येकांनी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: सहा-सहा तास चालणाऱ्या शर्यतीत बघायचं काय, आणि जिंकणार कोण हे आधी ओळखायचं कसं? पुढची पद्धत त्यांच्यासाठी आहे. एक वही, शर्यतीच्या मार्गाचा चढउतार दाखवणारा आलेख आणि खेळाडूंची यादी एवढंच लागतं.

सगळ्या पद्धतीचं सूत्र मात्र आधीच सांगतो. पुढे कोण आहे हे टीव्हीवर दिसतंच. तुम्ही बघायचं ते हे, की आत्ता वारा कोण अंगावर घेतंय आणि कोण घेत नाहीये. पुढे राहून वारा कापणं म्हणजे ‘ओढणं’; चाकाला चिकटलेला मागचा त्याच्या आडोशाने ताकद वाचवतो.

सुरुवातीला: ही शर्यत वेगळी का आहे

वर्षभर हे खेळाडू व्यावसायिक संघांकडून खेळतात. यूएई, सौदाल, लिडल-ट्रेक अशी प्रायोजकांची नावं छातीवर असतात आणि पगार तिथून मिळतो. वर्षातून एकदा, बहुतेक वेळा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, तेच खेळाडू देशाची जर्सी घालतात. पुरुषांसाठी साधारण २६० ते २७५ किलोमीटर, महिलांसाठी १६०च्या आसपास. जिंकणाऱ्याला पांढऱ्यावर निळा, लाल, काळा, पिवळा आणि हिरवा पट्टा असलेली इंद्रधनुषी जर्सी मिळते आणि पुढचं वर्षभर त्या प्रकारच्या प्रत्येक शर्यतीत ती घालता येते. पुढच्या जागतिक शर्यतीत मात्र गतविजेतासुद्धा देशाच्याच जर्सीत उतरतो, त्यामुळे पडद्यावर इंद्रधनुष्य शोधत बसू नका.

मोठ्या देशांना जास्तीत जास्त आठ खेळाडू उतरवता येतात, छोट्यांना दोन-तीन किंवा एखादाच. गतविजेत्याची जागा या कोट्याबाहेरची असते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कानात रेडिओ नसतो. टूर द फ्रान्समध्ये गाडीत बसलेला संचालक प्रत्येक क्षणी खेळाडूच्या कानात बोलू शकतो. इथे मोटारसायकलवरचा माणूस फळ्यावर अंतर लिहून दाखवतो, किंवा कोणीतरी मागे आपल्या गाडीपर्यंत जाऊन निरोप आणतो. यातून काय होऊ शकतं ते टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या शर्यतीत जगाने पाहिलं, कारण तिथेही रेडिओ नव्हते. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच पुढे निघाली होती. मागून आलेल्या नेदरलँड्सच्या आनेमीक व्हान फ्लॉयटनने रेषा ओलांडताना दोन्ही हात वर केले, सुवर्ण आपलंच असं समजून. कीझेनहोफर सव्वा मिनिट आधी पोचली होती. डच संघात त्या दिवशी जगातल्या चार सर्वोत्तम सायकलपटू होत्या, पण पुढे अजून एक जण आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून जागतिक शर्यतीत अनुभवी सहकाऱ्याला जे मोल आहे ते दुसरीकडे क्वचितच असतं. रस्त्यावर निर्णय घेणारा, ‘आता ओढा’, ‘आता सोडा’ म्हणणारा कप्तान यादीत आहे का, हे आवर्जून बघा.

पहिली पायरी: मार्ग

आलेख उघडला की बहुतेकांची नजर सर्वात उंच टोकावर जाते. तिकडे नंतर बघा. आधी एकूण चढाई किती मीटर आहे ते वहीत लिहा.

रवांडातल्या किगालीत २०२५ साली, आफ्रिकेत पहिल्यांदाच झालेल्या जागतिक स्पर्धेत, पुरुषांचा मार्ग २६७.५ किलोमीटरचा होता आणि एकूण चढाई ५,४७५ मीटर. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना आपण साधारण पाचशे मीटर उंची गाठतो. म्हणजे एका दिवसात दहा-अकरा बोरघाट, तेही दीड हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत. शेवटपर्यंत फक्त ३० जण पोचले. अशा मार्गावर स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांतल्या वेगावर जिंकणारा, कितीही गुणी असला तरी त्याचं नाव खोडायचं. उलट २०११ चा कोपनहेगनचा मार्ग जवळजवळ सपाट होता आणि तिथे मार्क कॅव्हेंडिश जिंकला.

मधल्या मार्गांवर खरी कसोटी लागते. तिथे दुसरा आकडा कामाला येतो: शेवटच्या चढाच्या माथ्यापासून अंतिम रेषा किती लांब आहे? व्हाल्केनबर्गला २०१२ मध्ये काउबर्गचा माथा ओलांडल्यावर दोन किलोमीटरसुद्धा उरत नव्हते. फिलिप जिल्बेरने चढावर एकच झटका दिला आणि मागच्यांना पाठलागाला रस्ताच उरला नाही. इमोलात २०२० साली हेच अंतर दहा किलोमीटरहून जास्त होतं, म्हणजे कागदावर पाठलाग करणाऱ्यांना भरपूर वाव होता. तरी जुलियाँ आलाफिलिप एकटाच पोचला. ते का, याकडे पुढे येतो, कारण या लेखातलं सर्वात महत्त्वाचं उदाहरण तेच आहे.

तिसरी गोष्ट वारा. २०१६ ची दोहाची शर्यत आलेखावर सपाट रेघ होती. चढ नाहीत, म्हणजे सगळ्यांचा मिळून स्प्रिंट, असं सरळ वाटेल. पण वाळवंटात आडवा वारा लागला आणि बेल्जियमने तिथेच वेग वाढवला. आडव्या वाऱ्यात चाकामागे लपायचं तर रस्त्यावर तिरपी रांग करावी लागते, आणि त्या रांगेत रस्त्याच्या रुंदीइतकेच लोक मावतात. बाकीचे कडेला एकामागे एक लटकतात आणि तुटतात. जर्मनीचे नावाजलेले स्प्रिंटर मागे राहिले ते परत आलेच नाहीत. जिंकला पीटर सागान, दुसरा कॅव्हेंडिश, तिसरा बेल्जियमचा टॉम बोनन. म्हणून आदल्या रात्री हवामान बघताना पाऊस पडणार का एवढ्यावर थांबू नका. वाऱ्याची दिशाही बघा आणि मोकळ्या माळावरचा रस्ता कुठल्या दिशेने जातो ते नकाशावर ताडून पाहा.

दुसरी पायरी: यादी, दोनदा वाचायची

पहिल्या वाचनात देश बघा. कोणाकडे किती माणसं आहेत आणि ती कोणासाठी राबणार आहेत?

कोपनहेगनला ब्रिटनने आठच्या आठ जण कॅव्हेंडिशसाठी उतरवले होते. त्यात ब्रॅडली विगिन्स, क्रिस फ्रूम आणि गेरेंट थॉमस होते, ज्यांनी पुढे टूर द फ्रान्स जिंकली. इतके मोठे खेळाडू दिवसभर वारा खात राहिले, कारण नेता कोण याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. सागानने २०१५ ला रिचमंडमध्ये पहिलं जागतिक विजेतेपद घेतलं तेव्हा स्लोव्हाकियाचे सगळे मिळून तीनच खेळाडू होते. तीन माणसांत शर्यत ताब्यात ठेवता येत नाही. म्हणून तो कुठेच दिसला नाही, दुसऱ्यांच्या चाकामागे बसून राहिला आणि शेवटच्या दगडी चढावर एकदाच बाहेर पडला. छोट्या देशाच्या दावेदाराचा हाच रास्त मार्ग आहे. तो शेवटपर्यंत दिसला नाही म्हणून संपला असं समजू नका.

एका संघात दोन नेते असले की मला काळजी वाटते. फ्लोरेन्स, २०१३. पावसात न्हालेल्या शर्यतीच्या शेवटी चौघे उरले: स्पेनचे होआकिम रॉद्रिगेझ आणि आलेहांद्रो वाल्व्हेर्दे, इटलीचा व्हिन्चेंझो निबाली, पोर्तुगालचा रुई कोस्ता. चारात दोन स्पॅनिश. रॉद्रिगेझ पुढे निसटला. आता वाल्व्हेर्देचं काम एकच होतं: मागे शांत बसायचं आणि जो कोणी उठेल त्याच्या चाकाला चिकटायचं. कोस्ता उठला आणि वाल्व्हेर्दे त्याच्यामागे गेला नाही. कोस्ताने रॉद्रिगेझला गाठलं आणि दोघांच्या स्प्रिंटमध्ये हरवलं. विजयमंचावर रॉद्रिगेझ रडत होता. ती शर्यत मी कितीतरी वेळा पुन्हा पाहिली आहे आणि दर वेळी तो क्षण जवळ आला की जीव खालीवर होतो.

आता यादी दुसऱ्यांदा वाचा आणि प्रत्येक नावापुढे त्याचा वर्षभराचा व्यावसायिक संघ लिहा. फ्लोरेन्सच्या त्या चौघांपुढे लिहून बघा: वाल्व्हेर्दे, मोव्हीस्टार. कोस्ता, मोव्हीस्टार. दोघे वर्षभर एकाच संघातून खेळत होते. वाल्व्हेर्देने मुद्दाम सोडलं असा याचा अर्थ मी काढत नाही, पाय थकलेले असतील तर कोणीच जाऊ शकत नाही. पण वर्षभर एकमेकांसाठी राबलेली माणसं एका रविवारपुरती परकी होत नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं.

अलीकडची उदाहरणं हवी असतील तर स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारच्या दोन्ही विजयांकडे बघा. झ्युरिकला २०२४ साली तो पुढे निघाल्यावर काही काळ त्याच्यासोबत फ्रान्सचा पावेल सिवाकोव्ह होता. किगालीत त्याच्या पहिल्या हल्ल्याला साथ देऊ शकले ते स्पेनचा हुआन आयुसो आणि मेक्सिकोचा इसाक देल तोरो. देश चार, पण हे सगळे तेव्हा वर्षभर यूएईच्याच संघातले. असा साथीदार मिळाला तर निदान तो पाठलागाला जोर लावत नाही.

तिसरी पायरी: दावेदारांची नावं कशी गाळायची

वहीत दहा नावं लिहा. प्रत्येकापुढे एक वाक्य पूर्ण करा: ‘हा जिंकेल तो असा…’ लांबून एकट्याने निघून, शेवटच्या चढावर झटका देऊन, पाच-सहा जणांच्या स्प्रिंटमध्ये, की मोठ्या घोळक्याच्या स्प्रिंटमध्ये? वाक्य पूर्ण होत नसेल, किंवा ते वाक्य पहिल्या पायरीतल्या मार्गाशी जुळत नसेल, तर नाव खोडा. मग उरलेल्यांपुढे दुसरं वाक्य: ‘याला हरवायचं तर…’

नेदरलँड्सच्या माथ्यू व्हान डर पूलसारख्यासाठी पहिलं वाक्य सोपं आहे: छोटे तीव्र चढ, वळणावळणाचे शहरी रस्ते आणि शेवटी छोटा गट. ग्लासगोला २०२३ मध्ये मार्ग नेमका तसा होता. सोळा किलोमीटर उरले असताना ओल्या वळणावर तो एकटाच असताना घसरून पडला, उठला, बुटाची पट्टी लोंबत असतानाही दीड मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. पण किगालीचा आलेख बघितल्यावर त्याचं नाव खोडावंच लागतं, आणि तो स्वतःही तिथे उतरला नव्हता.

बेल्जियमच्या रेम्को एव्हेनेपूलचं वाक्य: थोडंसं अंतर मिळालं की संपलं. एकट्याने वारा कापत जाण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत. वोलोंगाँगला २०२२ मध्ये त्याला पुढच्या गटात जाऊ दिलं, आणि शेवटी तो दोन मिनिटं एकवीस सेकंदांनी पुढे होता. त्याला हरवायचं तर त्याला पहिले पन्नास मीटर मिळू द्यायचे नाहीत.

आणि तादेय पोगाचार. झ्युरिकला शंभर किलोमीटर उरलेले असताना, किगालीत १०४ किलोमीटर उरलेले असताना तो उठला. तो उठणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, मग अडवत का नाहीत? इथे थोडं भौतिकशास्त्र समजून घ्यावं लागतं. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाताना बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे बसलं की त्या श्रमातला साधारण तिसरा हिस्सा वाचतो, म्हणून आठ जणांचा संघ एकट्याला सहज पकडतो. तीव्र चढावर वेग अर्ध्यावर येतो, हवेचा अडथळा फारच कमी होतो आणि मागे बसण्याचा फायदा जवळजवळ संपतो. तिथे प्रत्येक जण स्वतःच्या वजनाशी एकटाच झुंजतो. असे चढ वीस-पंचवीसदा आले की मदतनीस संपतात. पोगाचार नेमका तेव्हा निघतो जेव्हा दुसऱ्या देशांकडे ओढायला माणूस उरलेला नसतो. तो लवकर निघतो असं आपल्याला किलोमीटर मोजून वाटतं. उरलेले मदतनीस मोजले तर तो बरोबर वेळेवर निघालेला असतो.

चौथी पायरी: फॉर्म, पण जपून

ऑगस्ट-सप्टेंबरमधली व्ह्युएल्टा, म्हणजे स्पेनमधली तीन आठवड्यांची शर्यत, आणि कॅनडातल्या क्युबेक व माँट्रियल इथल्या एकदिवसीय शर्यती, हे जागतिक शर्यतीआधीचे सर्वात उपयोगी निकाल. क्रमांकापेक्षा शेवटचा आठवडा कसा गेला ते बघा. व्ह्युएल्टाच्या तिसऱ्या आठवड्यात कोणी चढावर सहज बसलेला दिसला तर नाव अधोरेखित करा.

जागतिक स्पर्धेच्याच आठवड्यातली वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत, मात्र फसवते. किगालीत एव्हेनेपूलने अडीच मिनिटं आधी सुटलेल्या पोगाचारला रस्त्यातच गाठून मागे टाकलं. पोगाचार चौथा आला. पुढच्या रविवारी रस्ता शर्यतीत तोच पोगाचार शेवटचे ६६ किलोमीटर एकटा पुढे राहिला आणि एव्हेनेपूलपेक्षा १ मिनिट २८ सेकंद आधी पोचला. दुखापतीच्या बातम्यांचंही तसंच. व्हान फ्लॉयटन २०२२ मध्ये रस्ता शर्यतीच्या काही दिवस आधी पडली होती, कोपराचं हाड मोडलं होतं. शनिवारी ती इतरांसाठी राबायला म्हणून उतरली आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये मागून येऊन सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

पाचवी पायरी: शर्यत सुरू झाल्यावर

पहिला तास डुलकी काढण्यासाठी नाही. कोण पळतंय यापेक्षा घोळका कोणाला पळू देतोय ते बघा. मोठ्या देशाचा माणूस सुरुवातीच्या पळालेल्या गटात दिसला तर तो बहुतेक जिंकायला गेलेला नसतो. तो पुढे राखून ठेवलेला माणूस असतो. झ्युरिकला स्लोव्हेनियाचा यान त्रात्निक असाच पुढे होता. पोगाचार मागून आला तेव्हा त्रात्निक त्याच्यासाठी थांबला आणि उरलीसुरली ताकद खर्चून त्याला पुढच्या गटापर्यंत नेऊन सोडलं. टीव्हीवर हे मिनिटभरात आटोपलं, पण तो डाव सकाळीच मांडलेला होता.

मधले तीन तास तुमच्या वहीसाठी सर्वात चांगले. दर लॅपला एक नोंद करा: घोळक्याच्या तोंडाशी कोणत्या देशाची जर्सी आहे, आणि त्या देशाचे किती जण अजून शिल्लक आहेत. हेलिकॉप्टरमधून दृश्य दिसलं की आकार बघा. घोळका रस्ताभर पसरलेला असेल तर वेग बेताचा आहे आणि सगळे खातपीत आहेत. एकामागे एक लांब दोरी झाली असेल तर पुढे कोणीतरी जोर लावतोय आणि दोरीचं शेपूट लवकरच तुटणार.

खाण्याकडेही लक्ष असू द्या. सहा-साडेसहा तासांच्या शर्यतीत आजचे खेळाडू तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात. थंडी-पावसात हात गारठतात, खिशातलं निघत नाही, भूक कळत नाही, आणि मग शेवटच्या तासात धडधाकट माणूस एकाएकी विझतो. यॉर्कशरला २०१९ साली दिवसभर पाऊस होता. शेवटच्या गटात व्हान डर पूल होता, सगळ्यांना तोच जिंकणार असं वाटत होतं. शेवटच्या लॅपमध्ये तो अचानक जागच्या जागी थांबल्यासारखा मागे पडला आणि दहाहून जास्त मिनिटांनी पोचला. उरलेल्या तिघांत स्प्रिंटचा राजा मात्तेओ त्रेंतिन होता, पण जिंकला तेवीस वर्षांचा मॅड्स पेडरसन. साडेसहा तासांच्या गारठ्यानंतरचा स्प्रिंट वेगावर ठरत नाही, उरलेल्या धुगधुगीवर ठरतो. कोण शेवटपर्यंत तोंडात काहीतरी टाकत होतं ही नोंद म्हणूनच करायची.

चेहरे वाचायला शिका, पण फार विश्वास ठेवू नका. उघडं तोंड, डगडगणारे खांदे, गटाच्या अगदी शेवटच्या चाकावर जाऊन बसणं ही थकव्याची लक्षणं आहेत. तीच सोंग करण्याचीही साधनं आहेत. खात्रीची खूण एकच: समोरच्याच्या आणि त्याच्या चाकात अंतर पडतंय आणि ते भरायला त्याला उठून पेडल मारावं लागतंय, असं दोन-तीनदा दिसलं की तो पुढच्या चढावर मागे पडणार.

सहावी पायरी: अंतराचं गणित

ताशी ४५ किलोमीटर वेगाने एक मिनिट म्हणजे पाऊण किलोमीटर. हे डोक्यात पक्कं करा, म्हणजे पडद्यावरच्या आकड्याला अर्थ येतो.

फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक जुना ठोकताळा सांगतात: संघटित घोळका दहा किलोमीटरमध्ये एकट्या सायकलपटूचं एक मिनिट खातो. म्हणजे तीस किलोमीटर उरले असतील तर पळणाऱ्याकडे निदान तीन मिनिटं हवीत. सपाट रस्त्यावर आणि ओढायला ताजी माणसं असतील तर हा ठोकताळा आजही उपयोगी पडतो. चढउतारांच्या लॅपवर तो कोसळतो, कारण ‘संघटित घोळका’ हीच अट तिथे उरत नाही.

आता इमोला. आलाफिलिप शेवटच्या चढावर निसटला. मागे पाच जण: वाउट व्हान आर्ट, मार्क हिर्शी, मिखाऊ क्व्यातकोव्स्की, याकोब फुग्लसांग, प्रिमोज रोग्लिच. पाच मोठी नावं, दहा किलोमीटरहून जास्त रस्ता, पुढे एकच माणूस. पकडायलाच हवा होता. पण प्रत्येकाच्या जागी बसून विचार करा. पाचांत सर्वात वेगवान व्हान आर्ट. इतर चौघांनी ओढून आलाफिलिपला पकडलं तर स्प्रिंट व्हान आर्टच मारणार, मग त्यांनी का ओढावं? व्हान आर्टने एकट्यानेच ओढलं तर स्प्रिंटसाठी त्याचे पाय उरणार नाहीत. रोग्लिच आणि तो वर्षभर एकाच संघात, पण रोग्लिचच्या अंगावर त्या दिवशी स्लोव्हेनियाची जर्सी. पाच देश, पाच हिशोब. आलाफिलिप २४ सेकंदांनी जिंकला.

म्हणून शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये मागच्या गटातल्या प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारा: पुढच्याला पकडलं तर याचा काय फायदा? ज्याचा फायदा आहे तोच ओढेल. असा माणूस एकच असेल, तर पुढचा वाचला.

२७ सप्टेंबर २०२५ ला किगालीत महिलांच्या शर्यतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. डेमी व्होलरिंग आणि पोलिन फेराँ-प्रेव्हो या टूर द फ्रान्सच्या विजेत्या, टाइम ट्रायलची नवी विजेती मार्लेन रॉइसर, अशा सगळ्या मागच्या गटात एकमेकींकडे बघत होत्या. एकीने ओढलं की दुसरीचा फायदा. पुढे निघालेल्या छोट्या गटात कॅनडाची माग्दलेन व्हालिएर होती. शेवटच्या चढावर ती उठली आणि एकटी पोचली. नीव्ह फिशर-ब्लॅक दुसरी, मावी गार्सिया तिसरी. माझ्या वहीतल्या दहा नावांत व्हालिएर नव्हती, पण शेवटच्या दोन लॅपमध्ये ‘ओढत कोण नाही’ या रकान्यात मी सगळ्या दावेदारांची नावं लिहिली होती. तो रकाना भरत गेला तसतसं पुढच्यांपैकीच कोणीतरी जिंकणार हे स्पष्ट होत गेलं.

सातवी पायरी: सराव

कुठलीही जुनी शर्यत घ्या, निकाल न बघता शेवटचे दोन तास पाहा. वहीत चार रकाने आखा: उरलेले किलोमीटर, घोळक्याच्या तोंडाशी कोण, कोणाचे किती मदतनीस शिल्लक, आणि ओढत कोण नाही. दर दहा किलोमीटरला एक ओळ, शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये दर तीनला. तीन शर्यती अशा केल्यात की डोळा बसतो.

सुरुवात माँट्रियलच्या ग्राँप्रीपासून करा असं मी सुचवेन. २०२६ च्या जागतिक स्पर्धेचं यजमानपद याच शहराकडे. माँ रॉयालची टेकडी सायकलवाल्यांच्या जुन्या ओळखीची: १९७४ साली एडी मर्क्सने आपलं तिसरं जागतिक विजेतेपद याच शहरात घेतलं, त्याच वर्षी इटलीची जीरो आणि टूर द फ्रान्स जिंकल्यावर. ग्राँप्रीत या टेकडीवरचा मुख्य चढ पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो लॅपमागून लॅप येत राहतो. २०२५ च्या ग्राँप्रीत ब्रँडन मॅकनल्टी पहिला आणि पोगाचार दुसरा आला, दोघे यूएईचे आणि दोघेच पुढे. तीच शर्यत पुन्हा बघताना यादी दुसऱ्यांदा वाचा, या वेळी देशाचा रकाना भरत: एक अमेरिकेचा, एक स्लोव्हेनियाचा. आणि महिलांची यादी करताना कॅनडाकडे एक जागा जास्त धरा. गतविजेती व्हालिएर कोट्याबाहेरची, आणि ती क्युबेकचीच आहे.